वाढत्या अंगाची बाइक नको

वाचकाचे पत्र : आम्ही नाशिकला राहतो. मुलगी ९ वर्षांची आहे, उंची १२८ सेंटिमीटर आणि वजन २४ किलो. दोन वर्षांपासून ती सायकल चालवते. आता तिला इलेक्ट्रिक डर्ट बाइक, म्हणजे मातीच्या रानात चालवायची विजेची छोटी मोटरसायकल हवी आहे. निफाड तालुक्यात सासऱ्यांची द्राक्षबाग आहे, तिथे सुट्टीत चालवील असा विचार आहे. दुकानात दोन गाड्या पाहिल्या. एकीची सीट कमी-जास्त करता येते आणि तिचे वजन २२ किलो आहे. दुसरीची सीट ६६ सेंटिमीटर उंच असून वजन ३८ किलो आहे. दुकानदार आणि यजमान दोघेही म्हणतात की मोठीच घ्या, पाच वर्षे बघायला नको, पुढे धाकट्यालाही होईल. धाकटा साडेचार वर्षांचा आहे. मोठ्या गाडीवर बसल्यावर मुलीच्या एका पायाची बोटे टेकतात. कोणती घ्यावी? आणि एरवी सोसायटीच्या आवारात चालवली तर चालेल का? — एक आई, नाशिक

सप्रेम नमस्कार.

गाडी घ्यायचीच असेल तर लहान घ्या, तिची सीट मधल्या उंचीवर लावून घ्या आणि मोठीचा विचार निदान चार वर्षे करू नका. असे सांगण्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. ‘एका पायाची बोटे टेकतात’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मापाचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. तरीही दुकानदाराशी आणि घरात बोलताना तुमच्या हाती काही आकडे असावेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मुलांसाठी काहीही घेताना ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची रीत आहे. शाळेचा गणवेश एक माप मोठा शिवायचा, खालची पट्टी आत दुमडून ठेवायची आणि दर जूनमध्ये ती थोडी उसवायची, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. मोठ्या बुटांच्या टोकात कापूस कोंबून शाळेत गेलेली पिढी अजून हयात आहे आणि मीही तिच्यातलाच आहे. सैल सदरा अंगाला इजा करत नाही, म्हणून ती काटकसर शहाणपणाची ठरते. डर्ट बाइकच्या बाबतीत मात्र ‘अजून थोडी मोठी आहे’ याचा अर्थ ‘तोल गेल्यावर मुलीचा पाय जमिनीपर्यंत पोहोचणार नाही’ असा होतो.

प्रथम घरी माप घ्या. गाडी चालवताना जे बूट घालायचे तेच मुलीला घालायला सांगा, तिला भिंतीला टाच आणि पाठ लावून ताठ उभे करा, दोन्ही पायांत वीतभर अंतर ठेवा आणि एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, कणा वरच्या बाजूला ठेवून, सायकलच्या सीटसारखे जांघेपर्यंत वर सरकवा. पुस्तकाची वरची कड भिंतीला जिथे लागते तिथे पेन्सिलीने खूण करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंतची उंची मोजा. मुले या वेळी हसतात आणि चवड्यांवर उभी राहतात, त्यामुळे तीनदा मोजून मधला आकडा धरा. १२८ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे हे माप साधारण ५७ ते ५९ सेंटिमीटर येईल. नवशिक्या मुलासाठी सीट या मापापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर खाली असावी, म्हणजे सीटवर बसून दोन्ही तळवे एकाच वेळी जमिनीवर सपाट टेकतात आणि गुडघ्यात किंचित वाक राहतो. या गाड्यांची सीट सायकलच्या सीटपेक्षा रुंद असते आणि पाय बाजूला फाकल्यामुळे त्यांची उंची थोडी वाया जाते, म्हणून हे अंतर लागते. बसल्यावर शॉक अब्सॉर्बर दबून सीट थोडी खाली जाते हे खरे आहे, परंतु २४ किलोच्या वजनाने ती फार दबेल या भरवशावर राहू नका. मुलांच्या गाडीतही पुष्कळदा मोठ्यांनाच शोभेल इतकी कडक स्प्रिंग बसवलेली असते.

या हिशेबाने तुमच्या मुलीला ५४ सेंटिमीटरच्या आसपासची सीट हवी. ६६ सेंटिमीटरची सीट तिच्या पायाच्या मापापेक्षा सात-आठ सेंटिमीटर वरच आहे. या वयात मुलांची उंची वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा पायांचा असतो. म्हणजे पायाचे माप वर्षाला अडीच-तीन सेंटिमीटरने वाढणार आणि मोठी गाडी तिला खऱ्या अर्थाने बेतशीर होण्यास चार ते पाच वर्षे लागणार. ‘पाच वर्षे बघायला नको’ या हिशेबातली पहिली चार वर्षे गाडी एक तर धोकादायक असेल किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात उभी असेल, आणि बॅटरी मात्र वापरली किंवा न वापरली तरी म्हातारी होत राहील. यजमानांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. भावनिक युक्तिवादापेक्षा तो लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

पाय टेकण्यावर मी इतका जोर देतो, यामागे विजेच्या मोटरचा स्वभाव आहे. पेट्रोलची छोटी गाडी जागेवरून निघताना थोडी कुरकुरते, आवाज करते, वेग हळूहळू घेते. विजेची मोटर उभ्या जागीच आपला पूर्ण जोर लावू शकते, आणि तो लावण्याआधी ती कोणालाही कळवत नाही. गाडी चालू आहे की बंद, हेसुद्धा आवाजावरून समजत नाही. मूल घाबरले की हाताची पकड घट्ट होते, शरीर मागे झुकते, मनगट आपोआप खाली वळते आणि मूठ आणखी पिळली जाते. नेमकी सोडायची वेळ येते तेव्हाच रेस वाढते.

माझा भाचा आठ वर्षांचा असताना हे मी दहा फुटांवरून पाहिले आहे. गाडी अर्थातच ‘वाढत्या अंगाची’ होती. तो खळ्यात गाडीवर नुसता बसून होता, चालवत नव्हता. गाडी उताराच्या बाजूला कलली, त्याने पाय खाली सोडला, पण त्या बाजूला जमीन चार बोटे खोल असल्यामुळे पायाला काहीच लागले नाही. त्याने घाबरून हँडल गच्च धरले आणि गाडी त्याला घेऊन समोरच्या कडब्याच्या गंजीत शिरली. गंजीत रुतल्यावरही मागचे चाक गरगर फिरतच होते, कारण मूठ त्याने अजून सोडलेली नव्हती. समोर कडबा होता आणि विहिरीचा कठडा नव्हता, एवढेच आमचे नशीब. त्याचे दोन्ही पाय टेकत असते तर ती गाडी कललीच नसती.

आता वजन. मुलीचे वजन २४ किलो आणि मोठी गाडी ३८ किलोची, म्हणजे दीडपट. यावर कोणी म्हणेल की ७० किलोचा माणूस ११० किलोची स्कूटर चालवतोच की, तिथेही प्रमाण तेच आहे. प्रमाण तेच आहे, पण आपली स्कूटर वर्षातून एखाद्या वेळी आडवी होते आणि शिकणाऱ्या मुलाची डर्ट बाइक एका दुपारीत पाच-सहा वेळा आडवी होते. शिवाय ती पायावर पडते आणि उचलायलाही त्यालाच लागते. म्हणून गाडीचे वजन मुलाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त नसावे, असे मी धरतो. २२ किलोची गाडी या मर्यादेत जेमतेम बसते. दुकानात ती जमिनीवर आडवी ठेवून मुलीला एकटीने उभी करायला सांगा. दुकानदाराचा चेहरा थोडा उतरेल, त्याकडे लक्ष देऊ नका.

फार लहान गाडीही बरी नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. सीट खूपच खाली असेल तर गुडघे वर येऊन वळताना हँडलला लागतात, आणि उभे राहून चालवताना मूल मागच्या चाकावर लोंबकळल्यासारखे होते, त्यामुळे चढावर पुढचे चाक उचलले जाण्याचा संभव वाढतो. म्हणून केवळ बसून पाहणे पुरेसे नाही. फूटरेस्टवर उभे राहिल्यावर तिच्या कोपरांत वाक राहतो का आणि पाठ फार वाकत नाही ना, हे पाहा. हँडल पूर्ण एका बाजूला वळवल्यावर लांबचा हात सरळ ताणला जात असेल तर ती गाडी तिच्यासाठी लांब आहे.

सर्वांत दुर्लक्षित माप बोटांचे असते. मूठ पूर्ण धरलेली असताना तिची दोन बोटे ब्रेकच्या लिव्हरवर सहज पोहोचली पाहिजेत, आणि पोहोचल्यावर लिव्हर पूर्ण दाबला गेला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत लिव्हर मुठीजवळ आणण्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. तो तिथेच फिरवून घ्या. ब्रेक दाबायला तिला मूठ सोडून हात पुढे सरकवावा लागत असेल, तर बाकी सर्व मापे जुळूनही ती गाडी तिच्या मापाची नाही.

खोक्यावर छापलेले वय आणि वॅट यांवरून माप ठरवू नये. रेझर या अमेरिकी कंपनीची एमएक्स ३५० ही गाडी दिसायला अगदी खेळण्यासारखी आहे, वेगही ताशी २२ किलोमीटरच्या आसपास आहे, तरीही कंपनी ती १३ वर्षे आणि त्यापुढील मुलांसाठीच सांगते. आपले पालक ती पाहून ‘सहा वर्षांच्याला होईल’ असे म्हणतात. दुसऱ्या टोकाला केटीएमची एसएक्स-ई ५ ही लहान मुलांसाठीच केलेली, पण शर्यतीच्या घराण्यातली गाडी आहे. तिची सीट मुळात साडेसहासष्ट सेंटिमीटर उंच आहे, ती आणखी खाली घेता येते, वजन ४० किलोच्या घरात आहे आणि मोटरची कमाल ताकद ५ किलोवॅट आहे. ट्रॅकवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकणाऱ्या मुलाच्या हाती ती शोभते. वॅटचा आकडा विचारलाच तर तो सलग ताकदीचा आहे की क्षणभराच्या कमाल ताकदीचा, हेही विचारा, कारण जाहिरातीत बहुधा दुसराच छापलेला असतो.

तुम्ही पाहिलेल्या लहान गाडीसारखी, म्हणजे मुलाबरोबर वाढणारी रचना मला नवशिक्यांसाठी सर्वांत समंजस वाटते. हीरोच्या विडा या ब्रँडने २०२५ च्या अखेरीस भारतात आणलेली डर्ट.ई के३ ही ४ ते १० वर्षांच्या मुलांसाठीची गाडी याच धर्तीची आहे. तिची सीट तीन टप्प्यांत साधारण ४५, ५४ आणि ६३ सेंटिमीटरवर बसवता येते आणि वेगही ताशी ८, १६ व २५ किलोमीटर अशा टप्प्यांत बांधून ठेवता येतो. हीच घ्या असे मी म्हणत नाही. पण वेगाची मर्यादा पालकाच्या हाती असणे आणि मूल पडताच मोटर बंद करणारी दोरी मनगटाला बांधता येणे, या दोन सोयी जिच्यात नाहीत ती गाडी मी माझ्या घरात आणणार नाही. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. ‘अगं, ब्रेक!’ असे तुम्ही ओरडून होईपर्यंत गाडी एका खोलीची लांबी दोनदा ओलांडून जाते.

धाकट्याला ही गाडी आज नको आणि ‘ताईची झाली की तुझी’ या आश्वासनावर मोठी गाडी तर मुळीच नको. साडेचार वर्षांच्या मुलाने आधी पॅडल नसलेल्या, पायाने ढकलत जायच्या बॅलन्स बाइकवर तोल शिकावा. तिचीच विजेवर चालणारी धाकटी बहीण म्हणजे स्टेसिक या ब्रँडच्या गाड्या. त्यांतल्या १२ इंची चाकाच्या गाडीची सीट सुमारे ३३ सेंटिमीटरवर असते आणि वजन ८ किलोहून कमी असते, ती ३ ते ५ वर्षांसाठी आहे. १६ इंची गाडीची सीट सुमारे ४३ सेंटिमीटरवर असते आणि ती ५ ते ७ वर्षांसाठी आहे. दोन भावंडांच्या उंचीत आज जितका फरक आहे, तितका एकाच वेळी एका सीटला सांभाळता येत नाही.

आता द्राक्षबागेविषयी, कारण दुकानदार याबद्दल काही सांगणार नाही. बाग हे मुलांना मोकळे रान वाटते, पण डर्ट बाइकच्या दृष्टीने ती तारांनी भरलेली जागा आहे. दोन ओळींमधून चालवण्यास पूर्ण मनाई करा. ओळीच्या टोकाला जमिनीत गाडलेले तारांचे ताण तिरपे येतात, ते धावत्या गाडीवरून दिसत नाहीत आणि मुलाच्या छातीच्या किंवा गळ्याच्या उंचीवर असतात. ठिबकच्या नळ्या चाकात गुंततात. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सतत चालू असतात, आणि नुकत्याच फवारलेल्या प्लॉटच्या आसपास मुलांनी धूळ उडवत फिरणे गाडीशिवायही योग्य नाही. शेततळे असेल तर त्याच्या प्लास्टिकच्या उतारावरून एकदा घसरलेल्या मुलाला वर येता येत नाही. तळे आणि विहीर यांच्यापासून दूर असलेला, चारही बाजूंनी दिसणारा, मुरमाड जमिनीचा सपाट तुकडा निवडा. सासऱ्यांना विचारा, त्यांना अशी जागा लगेच आठवेल. अर्धा एकरही पुष्कळ झाला. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते, मोटर तापते आणि २२ किलोची गाडी ढकलताना दुप्पट जड वाटू लागते, म्हणून जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवलेली बरी.

सोसायटीच्या आवाराबद्दल माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. तिथे चेंडूमागे धावणारी मुले आणि मागे येणाऱ्या गाड्या असतात, आणि तुमच्या मुलीच्या गाडीला आवाज नसतो. रस्त्याबद्दल तर प्रश्नच नाही. ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या हलक्या विजेच्या दुचाकींना नियमांत सूट आहे, परंतु बहुतेक डर्ट बाइक त्या मर्यादेबाहेरच्या असतात आणि त्यांची नोंदणीही होत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा वाहनमालकाला जबाबदार धरते. त्यात तीन वर्षांपर्यंतचा कारावास व २५,००० रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. खेड्यात लोक पाणंद रस्त्याला ‘आपलाच रस्ता’ समजतात. पण लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिकच आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची भूमिका अशी आहे की १६ वर्षांखालील मुलांनी ऑफ-रोड मोटार वाहने चालवूच नयेत. मी स्वतः इतका कडक नाही. नऊ वर्षांच्या, सायकलवर तोल आणि हातब्रेक दोन्ही सांभाळणाऱ्या मुलीने ताशी आठ किलोमीटरच्या मर्यादेत, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर ही गाडी चालवावी, असे मला वाटते. परंतु निर्णय तुमचा आहे आणि तो घेताना हे मतही तुमच्यासमोर असावे. ‘मुलीला कशाला असले’ असे कोणी म्हटले तर मात्र ते बोलणे खुशाल बाजूला ठेवा. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ मध्ये बाहा प्रकारच्या, म्हणजे वाळवंटी आणि खडबडीत रानातल्या शर्यतींचा जागतिक महिला करंडक जिंकला आहे.

साहित्यात हनुवटीपर्यंत झाकणारे, आयएसआय चिन्हाचे आणि मुलांच्या मापाचे हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे, कोपर आणि गुडघ्याची गार्ड घ्या. हेल्मेटसाठी भुवयांच्या थोडे वर, डोक्याचा सर्वांत रुंद घेर टेपने मोजा. तेही वाढत्या अंगाचे नको. पट्टा लावून डोके हलवले आणि हेल्मेट डोक्याबरोबर न हलता मागे राहिले, तर ते ढिले आहे. वेण्या हेल्मेटच्या आत किंवा कॉलरच्या आत जाऊ द्या. साखळी आणि चाक यांच्या आसपास मोकळे केस किंवा लोंबणारी नाडी असता कामा नये.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा मुलीला हे सगळे घालून न्या, गाडी स्टँडवरून काढायला लावा आणि मग तिला बसवा. स्टँडवर उभी असलेली गाडी सगळ्यांच्याच मापाची वाटते. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी मोटर चालू करू नका. चावी तुमच्या खिशात ठेवा, मुरमाच्या त्या तुकड्यावर एक अगदी हलका उतार शोधा आणि तिला पाय टेकवत, ब्रेक दाबत, गाडी नुसती घरंगळवत खाली येऊ द्या. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर ती कंटाळून म्हणेल, ‘आई, आता चालू कर ना.’ त्या वेळी तिला म्हणावे की खाली आखलेल्या रेघेवर गाडी तीनदा बरोबर थांबवून दाखव, मग चावी देते.